वाचकांचे प्रश्न: मोबाइलवरचा डॉक्टर आणि टेस्टोस्टेरॉन

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या उपचारांबद्दल या सदराकडे इतकी पत्रे साठली होती की या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. बहुतेक पत्रे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली आहेत. हॉर्मोनतज्ज्ञासाठी घाट चढून कोल्हापूर, नाहीतर मुंबई किंवा गोवा गाठायचे, त्यापेक्षा मोबाइलवर भागत असेल तर का नको, हा या पत्रांचा सूर आहे. नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

देवगडहून (वय ४६, आंबा बागायतदार): थकवा, चिडचिड, कामेच्छा कमी. मोबाइलवर जाहिरात पाहून फॉर्म भरला. त्यांच्या माणसाने दुपारी घरी येऊन रक्त नेले. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन २.९ आले. दहा मिनिटांच्या कॉलवर डॉक्टर म्हणाले, "फारच कमी आहे," आणि तीन महिन्यांच्या औषधांचा संच घरपोच पाठवतो म्हणून पैसे भरायची लिंक आली. घेऊ का?

पैसे भरू नका. निदान अजून झालेलेच नाही.

आधी आकडा पाहू. २.९ च्या पुढे एकक काय छापले आहे ते बघा. आपल्याकडच्या काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. तुमचे २.९ मिलिलिटरचे असणार, म्हणजे डेसिलिटरमध्ये २९०. (रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर २८.८ ने गुणा, की डेसिलिटरचा आकडा मिळतो. टेस्टोस्टेरॉनचे पुढचे आकडे याच एककात आहेत.) अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१८ च्या मार्गदर्शनात निरोगी, सडपातळ तरुणांची खालची मर्यादा २६४ धरली आहे. तिथल्याच मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० च्या खाली कमी म्हणते. तुमचा आकडा या दोन रेषांच्या मधोमध आहे. याला "फारच कमी" कोणी म्हणत नाही.

दुसरे, रक्त दुपारी घेतले. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभर उतरत जाते. जेवणानेही ते तात्पुरते खाली येते. म्हणून रक्त उपाशीपोटी, सकाळी ७ ते १० च्या दरम्यान द्यायचे, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. एकदा कमी आलेल्यांतल्या बऱ्याच जणांचे दुसऱ्यांदा नॉर्मल येते. ताप, लेप्टो, डेंग्यू असे काही नुकतेच होऊन गेले असेल तर पूर्ण बरे होईपर्यंत थांबा, कारण आजारपणात ही पातळी पडतेच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही मशिनांवर त्यामुळे आकडा खोटा वाढून दिसतो. आणि तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर एवढे जरूर विचारा की रक्त फिरवून सीरम इथेच वेगळे करता, की नळी तशीच एसटीने पाठवता.

दोन्ही सकाळी कमी आले तर पुढचा प्रश्न: बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत? त्यासाठी एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिट्युटरीतून वृषणांना हुकूम देणारी दोन हॉर्मोने, मोजायची. हे दोन्ही वाढलेले असतील तर दोष वृषणात आहे. कमी किंवा "नॉर्मल" असतील तर वरून हुकूमच येत नाही असा अर्थ होतो, आणि मग प्रोलॅक्टिन, लोह, कधी पिट्युटरीचा एमआरआय लागतो. टेस्टोस्टेरॉन १५० च्याही खाली असेल तर एमआरआयचा विचार नक्की व्हायला हवा. पोट सुटलेले किंवा मधुमेह असेल तर एसएचबीजी हे वाहक प्रथिन कमी असते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो पण मोकळे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. अशा वेळी एसएचबीजी मोजून मोकळ्याचा हिशेब करावा लागतो. नुसत्या थकव्यासाठी आधी थायरॉइड, बी-१२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन पाहावे, आणि रात्री घोरता का हे घरच्यांना विचारावे. टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेकडे जास्त बोट दाखवणारी लक्षणे वेगळी आहेत: सकाळची ताठरता जाणे, दाढी व अंगावरचे केस विरळ होणे, स्तनात गाठ किंवा दुखरेपणा, अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटणे, किरकोळ पडण्याने हाड मोडणे.

आता कायद्याचे. टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एच मध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. दूरस्थ सल्ल्यासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा, तुमची ओळख व वय विचारायचे, फीची पावती द्यायची, सहीची चिठ्ठी द्यायची. औषध कुठल्या दुकानातून घ्यायचे हे तुम्ही ठरवायचे. "आमचाच संच घ्या" हे त्यात बसत नाही. शिवाय पहिल्याच व्हिडिओ-सल्ल्यात लिहायची औषधे तुलनेने सुरक्षित आणि गैरवापराची शक्यता कमी असलेली असावीत, अशी त्यांची दिशा आहे. व्यायामशाळांत ज्याचा सर्रास गैरवापर होतो ते टेस्टोस्टेरॉन यात बसवणे आम्हांला पटत नाही. कामेच्छा किंवा शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच मनाई आहे. जाहिरातीतला "जोश" कायद्याला माहीत नाही, एवढेच.

मग मोबाइलचा उपयोग कुठे? भरपूर ठिकाणी. लक्षणे सांगणे, चाचण्या लिहून घेणे, रिपोर्ट समजून घेणे, डोस बदलणे, दर काही महिन्यांचा पाठपुरावा. पण वृषणांचा आकार, त्यातली गाठ, स्तन, प्रोस्टेट हे हाताने तपासावे लागते. ते एकदा समोरासमोर होऊ द्या. हॉर्मोनतज्ज्ञच हवा असे नाही. रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातले, वैद्यकीय महाविद्यालयातले फिजिशियन किंवा सर्जन ही तपासणी करून कागदावर लिहून देतील. तो कागद घेऊन कोल्हापूर-मुंबईच्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोला. सरकारी ई-संजीवनीवरून सल्ला फुकट मिळतो, तिथूनही सुरुवात करता येईल. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत दोन मिनिटांत पडताळता येतो. नाव, क्रमांक आणि पदवी जुळत नसेल तर कॉल ठेवून द्या.

मालवणहून (वय ३९, ट्रॉलरवर): रात्रभर समुद्रात, सकाळी बंदरात मासळी उतरवून दहाला झोपतो. "सकाळी सातला उपाशी या" म्हणतात. माझी सकाळ कुठली?

पुरेशी झोप झाल्यावर जेव्हा उठाल ती तुमची सकाळ. उठल्यापासून दोन-तीन तासांत, काही न खाता रक्त द्या आणि लॅबच्या फॉर्मवर "रात्रपाळी, अमुक वाजता उठलो" असे लिहून घ्या. रात्रभर जागून तसेच लॅबमध्ये गेलात तर आकडा कमी येणार आणि तो फसवा असणार. त्याहून बरे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदी लागल्यावर आठ-पंधरा दिवस रात्रीची नीट झोप घ्या आणि मग दोन्ही चाचण्या करा. टेस्टोस्टेरॉनचे निदान घाईचे नसते.

राजापूरहून (एक वाचक भगिनी): माझ्या यजमानांना डॉक्टरांनी जेल दिले आहे. ते सकाळी खांद्याला लावून उघड्या अंगाने पडवीत बसतात आणि आमची तीन वर्षांची मुलगी त्यांच्याच खांद्यावर असते. काही अपाय होतो का?

होतो, ताई, आणि हे तुम्ही विचारलेत ते फार बरे केलेत. जेलमधले टेस्टोस्टेरॉन कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीत जाते. लहान मुलांत त्याने जननेंद्रियाजवळ केस येणे, जननेंद्रिय वाढणे, चिडखोरपणा, हाडांचे वय पुढे जाणे असे प्रकार झालेले आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या जेलच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. स्त्रियांना मुरुमे, चेहऱ्यावर लव, पाळीत फरक असा त्रास होऊ शकतो. गरोदरपणात तर या जेलचा स्पर्शही नको.

पद्धत अशी ठेवा. सकाळची आंघोळ झाली की अंग कोरडे करून जेल खांद्यावर आणि दंडावर लावायचे, किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल तर पोटावर. वृषणावर नाही. १ टक्क्याच्या पाच ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम औषध असते. पाकीट उघडून सगळे हातावर घ्यायचे, थोडे ठेवून द्यायचे नाही. लावून झाले की हात लगेच साबणाने धुवायचे. जेल पाच-सात मिनिटे वाळू द्यायचे. जेलमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे तोवर चुलीजवळ जायचे नाही आणि विडीही पेटवायची नाही. मग बाह्या असलेला सदरा घालायचा. बनियन पुरत नाही, खांदे उघडे राहतात. उघड्या अंगाने बसायची सवय आमच्याही ओळखीची आहे, पण जेल चालू असेपर्यंत ती सोडावी लागेल. मुलीला अंगावर घ्यायचे असेल तर आधी ती जागा साबणाने धुवायची. त्यांचा पंचा आणि कालचा सदरा वेगळा ठेवा, मुलीचे अंग त्याने पुसू नका.

जेल लावल्यावर पाच-सहा तास पाण्यात उतरू नये, नाहीतर औषध वाहून जाते. दुपारी बागेत काम करून घामाने निथळून ते लगेच डोक्यावरून पाणी घेत असतील तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पातळी तपासायला रक्त देताना ज्या हाताला जेल लावले त्या हाताचे रक्त देऊ नये. कातडीवरचे औषध सुईबरोबर आत गेले तर रिपोर्ट भलताच जास्त येतो. आणि मुलीमध्ये वर सांगितल्यापैकी काहीही दिसत असेल तर तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि बाबा जेल लावतात हे आपणहून सांगा.

एवढे पाळणे घरात जमणार नसेल तर इंजेक्शनचा पर्याय विचारा.

चिपळूणहून (वय २७): जिमच्या ट्रेनरने सस्टॅनॉन (टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन) आणि डेकाचा (नँड्रोलोन हे स्टेरॉइड) "कोर्स" दिला होता. चार महिन्यांपूर्वी बंद केला. आता काहीच उत्साह नाही, ताठरता नाही. मे मध्ये लग्न आहे. ऑनलाइन डॉक्टर म्हणतात कायमचे टेस्टोस्टेरॉन घ्यावे लागेल.

आत्ता घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पिट्युटरीला वाटते पुरेसे आहे, ती एलएच-एफएसएच सोडणे थांबवते आणि वृषण काम बंद करतात. त्यात शुक्राणू बनणेही थांबते. टेस्टोस्टेरॉनचा पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जो अभ्यास झाला तो याच जोरावर. त्या अभ्यासांत इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परतले, काहींना दोन वर्षांपर्यंत लागली. जिममधल्या मोठ्या डोसांनंतर आणि डेकासारख्या लांब टिकणाऱ्या औषधानंतर वेळ अधिक लागू शकतो.

म्हणजे तुमच्या वयाला, लग्नाच्या तोंडावर, मूल हवे असताना टेस्टोस्टेरॉन लिहून देणे म्हणजे रोगावर रोगच देणे. ज्या डॉक्टरने "मूल हवे आहे का?" हा प्रश्न विचारला नाही, त्याच्याकडे परत जाऊ नका. आम्ही तर हा प्रश्न ऑनलाइन डॉक्टर पारखायची पहिली कसोटी मानतो.

करायचे ते असे: टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच सकाळी उपाशी, आणि दोन ते पाच-सात दिवसांचा संयम ठेवून वीर्यतपासणी. वीर्याचा नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, म्हणून तो लॅबमध्येच द्या. ट्रेनरने काय दिले ते रिकाम्या कुप्यांसह डॉक्टरांना दाखवा. लाज वाटली तरी लपवू नका, नाहीतर पिट्युटरीच्या आजाराचा शोध सुरू होईल आणि एमआरआयचे पैसे उगाच जातील. पाच-सहा महिन्यांत सुधारणा नसेल तर एचसीजीची इंजेक्शने किंवा क्लोमिफिन अशी औषधे आहेत, जी वृषणांना स्वतःचे काम करायला लावतात. ती तज्ज्ञाच्या हाताखालीच. होणाऱ्या पत्नीला हे सांगायचे की नाही हा तुमचा प्रश्न, पण मूल लगेच हवे असा दोन्ही घरांचा आग्रह असेल तर सांगितलेले बरे.

गुहागरहून (वय ५८): मधुमेह, आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी. दर दोन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन. आता हिमॅटोक्रिट ५५ आले. ऑनलाइन डॉक्टर म्हणतात रक्तदान करा आणि चालू ठेवा.

पुढचे इंजेक्शन घेऊ नका आणि ज्यांनी अँजिओप्लास्टी केली त्या हृदयरोगतज्ज्ञांना या आठवड्यात फोन करा.

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा. टेस्टोस्टेरॉन लाल पेशी वाढवते, इंजेक्शनांमध्ये जेलपेक्षा अधिक. ५४ च्या वर गेले की उपचार थांबवायचे, ही रेषा पक्की आहे. रक्त घट्ट होते, गुठळीची भीती वाढते. उन्हात राबून, पाणी कमी पिऊन रक्त दिले असेल तर आकडा थोडा फुगतो, तेव्हा नीट पाणी पिऊन एकदा परत तपासा. पण तोवर इंजेक्शन नाही. तंबाखू, बिडी आणि झोपेत श्वास अडकणे हीसुद्धा कारणे आहेत. घोरणे मोठे असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रक्तदानाने आकडा तेवढ्यापुरता उतरतो, कारण तसेच राहते. हिमॅटोक्रिट नॉर्मलला आले की कमी डोसाने किंवा जेलने पुन्हा सुरू करता येईल का, हे नंतर ठरते. उपचार सुरू करताना ते ४८ च्या वर असेल तर मुळात सुरूच करत नाहीत.

हृदयाबद्दल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स या चाचणीत हृदयाचा धोका असलेल्या ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून अधिक पुरुषांना जेल किंवा खोटे जेल दिले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण जेलमुळे वाढलेले दिसले नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा हे प्रकार टेस्टोस्टेरॉनच्या गटात अधिक होते. जाहिरातवाले यातले पहिले वाक्य सांगतात. शिवाय ती चाचणी निदान पक्के झालेल्यांवर आणि नियमित रक्त तपासून केलेली होती. हार्ट अटॅक किंवा पक्षाघातानंतर पहिले सहा महिने तर हे औषध सुरूच करत नाहीत.

तुमच्या वयाला पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणीही हवी होती. सुरू करण्यापूर्वी एकदा आणि मग ३ ते १२ महिन्यांत परत. पीएसए आधीच ४ च्या वर असेल (घरात प्रोस्टेटचा कर्करोग असेल तर ३), किंवा वर्षभरात १.४ पेक्षा जास्त वाढले, तर आधी मूत्ररोगतज्ज्ञ. लघवीला फार जोर लागत असेल तरी तेच. हिमॅटोक्रिट सुरुवातीला, ३ ते ६ महिन्यांनी आणि मग दरवर्षी. टेस्टोस्टेरॉनची पातळी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर मोजायची. ती ३५० ते ६०० च्या दरम्यान असावी. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मोजलेला ११०० बघून खूश व्हायचे कारण नाही आणि चौदाव्या दिवशीचा २५० बघून डोस वाढवायचेही नाही.

आणखी एक, न विचारलेले. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळीही त्याच ॲपवरून येत असेल आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी तुमच्याकडे असेल, तर या दोन्ही एकत्र कधीही नकोत. रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

सावंतवाडीहून (वय ५१): निदान गोवा मेडिकलला, बांबोळीला झाले. पाठपुरावा व्हिडिओवर. इंजेक्शन गावात कुणाकडून घेऊ? फ्रिजमध्ये ठेवायचे का? वीज सारखी जाते.

फ्रिजची गरज नाही, उलट थंडीत तेलात खडे धरतात. तसे झाले तर कुपी तळहातात धरून कोमट करा, खडे विरघळतात. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या वर जाऊ नये म्हणून पत्र्याखाली किंवा गाडीत ठेवू नका. घरातले कोरडे कपाट पुरे.

कुठले औषध यावर पुढचे. टेस्टोस्टेरॉन एनान्थेट या इंजेक्शनची नेहमीची मात्रा आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम किंवा दोन आठवड्यांना १५० ते २००. सस्टॅनॉन २५० साधारण तीन आठवड्यांनी. सस्टॅनॉनमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, शेंगदाण्याची किंवा सोयाची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही. ही दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका किंवा गावातले डॉक्टर कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल देऊ शकतात. तेल दाट असते, म्हणून जाड सुईने ओढून दुसऱ्या सुईने सावकाश द्यायला सांगा. चिठ्ठी मात्र दरवेळी ताजी आणि छापील न्या.

टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १००० मिलिग्रॅम हे लांब टिकणारे इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. चार मिलिलिटर एरंडेल, दुसरी मात्रा सहा आठवड्यांनी, मग १० ते १४ आठवड्यांनी. हे दोन मिनिटे लावून द्यायचे असते आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचे. क्वचित तेलाचे थेंब फुप्फुसात जाऊन जोरदार खोकला, धाप, घेरी येते, कधी ॲलर्जीही होते. म्हणून हे घरी नको, उपकेंद्रातही नको. जिथे ऑक्सिजन आणि डॉक्टर आहेत तिथेच. पावसात रस्ता बंद होऊन आठवडाभर उशीर झाला तर घाबरू नका. मिळेल तेव्हा घ्या आणि पुढची तारीख तिथून मोजा. दोन मात्रा एकदम घ्यायच्या नाहीत.

हर्णैहून (वय ४४, मर्चंट नेव्ही): चार-पाच महिने जहाजावर असतो. जेल बरोबर नेता येईल का?

मूळ खोक्यात, औषधाचे जनेरिक नाव आणि रोजची मात्रा लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी व डॉक्टरांचे पत्र घेऊन, करारापुरतेच न्या. टेस्टोस्टेरॉन अमेरिकेत नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या शेड्यूलमध्ये आहे आणि आखाती बंदरांचे नियम वेगवेगळे आहेत, म्हणून कंपनीच्या एजंटकडून प्रत्येक बंदराचे लेखी विचारून घ्या. जहाजावरच्या औषधांच्या यादीत नोंद करा आणि फिटनेस देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका. केबिन दोघांत असेल तर टॉवेल वेगळा. जहाज धरण्याच्या महिनाभर आधी हिमॅटोक्रिट, पीएसए आणि पातळी करून घ्या. जेल लावल्यावर दोन ते आठ तासांच्या आत रक्त दिले तर ती पातळी वाचता येते. हिमॅटोक्रिट ५० च्या पुढे सरकलेले असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून डोस ठरवा, कारण समुद्रात मध्येच रक्त तपासायची सोय मिळेलच असे नाही.